लीजची मुदत

मागची सीट पुढे पाडून ती डिकीत अर्धी शिरली, टेपचं एक टोक पुढच्या सीटच्या पाठीला टेकवलं आणि दुसरं ओढत बाहेर आणलं.

"एकशे अडतीस," ती आतूनच म्हणाली. "लिहा. तिरपा धरला तर दोन मीटरचा रॉड जाईल."

मास्तरांनी वहीत लिहिलं. शेजारी उभ्या असलेल्या सेल्समनने हातातली फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. इंजिन, ब्रेक, गाणी ऐकायची सोय, सगळं सांगायची त्याची तयारी होती. पण गेली दहा मिनिटं गिऱ्हाइकाचं डोकं डिकीत होतं आणि त्याला बोलायला तोंड सापडत नव्हतं.

"मॅडम, चालवून बघणार का?" त्याने शेवटी विचारलं.

"ते ह्यांचं खातं," ती बाहेर येऊन टेप गुंडाळत म्हणाली. "आणि त्यांचं झालंय बघून."

मास्तरांचं झालं होतं. शोरूमभोवती एक वळसा, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता, आणि प्रत्येक वळणावर मान पार खांद्यापर्यंत फिरवून. "सर किती जपून चालवतात," असं सेल्समन तेव्हा कौतुकाने म्हणाला होता. मागच्या सीटवर बसलेली बायको काहीच म्हणाली नव्हती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एकतीस वर्षं ते बस डेपोच्या ऑफिसात बसून गाड्यांची वेळापत्रकं लावत आले आणि चार मिनिटं उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरला ज्या शिस्तीत झाडत त्यावरून त्यांना हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. आता घरातही सगळे मास्तरच म्हणतात. बायकोचा धंदा पडद्यांचा. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, घरी आणून शिवायचं आणि पुन्हा जाऊन बसवून द्यायचं. कापडाचे गठ्ठे, रॉड, शिडी आणि ती स्वतः, एवढं सगळं घेऊन गावभर फिरायला गाडी लागते आणि गाडी चालवायला मास्तर. निवृत्तीनंतर आपल्याला बिनपगारी नोकरी लागली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तक्रारीच्या सुरात सांगत, पण ऐकणाऱ्याला त्यात तक्रार सापडत नसे.

एकोणीस वर्षं वापरलेली जुनी गाडी पंधरा दिवसांपूर्वी भंगारात गेली. तेव्हापासून दोन कामं टेम्पो करून झाली होती आणि त्या टेम्पोवाल्याचं नाव निघालं तरी बायकोचा चेहरा आंबट होत असे. नवी गाडी एकरकमी घ्यायची तर हातातली पुंजी निम्मी संपली असती. जावयाने लीजचं सुचवलं. गाडी आपली नाही, ठरलेली वर्षं महिन्याचा हप्ता भरायचा, मुदत संपली की किल्ली परत. मास्तरांनी चार संध्याकाळी बसून तो सगळा प्रकार वहीत उतरवून काढला. गाडीची आजची किंमत, त्यातून मुदत संपताना जी राहील ती किंमत वजा, बाकीला महिन्यांनी भागायचं, वर अडकलेल्या पैशांचं व्याज. असं मांडल्यावर त्यात काही जादू उरली नाही. आणि मांडता मांडता त्यांना आपल्या कामाची एक गोष्ट सापडली. लीजला मुदत असते आणि ती दोन वर्षांचीही मिळते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दीड महिन्यापूर्वी त्यांना काचबिंदूचं सांगितलं होतं. समोरचं नीट दिसतंय, पण कडेचं कमी होत चाललंय, डावीकडून जास्त. थेंब घाला, दिवसा चालवा, रात्री नको. आणि पुढे? पुढे दोन वर्षं धरा, डॉक्टर म्हणाले होते, मग किल्ली खुंटीला लावायची. मास्तरांनी घरी येऊन चष्म्याचा नंबर बदललाय एवढंच सांगितलं. बायकोच्या धंद्याला सध्या बरे दिवस होते, एका हॉटेलच्या बावीस खोल्यांचं काम हातात आलं होतं. तिला हे कळलं तर ती उद्याच कामं घेणं थांबवेल, अशी त्यांना खात्री होती. दोन वर्षांचं लीज घ्यायचं. ते संपलं की गाडी परत जाईल, आणि तेव्हा ओघातच सांगून टाकायचं. वेळापत्रकात हे व्यवस्थित बसत होतं.

टेबलावर आल्यावर सेल्समनने एक छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. वर मोठ्या अक्षरांत एकच आकडा होता: महिना अठरा हजार सातशे तेहतीस.

बायकोने त्या आकड्यावर तळहात ठेवला.

"हा राहू दे. आधी गाडी केवढ्याला धरलीत ते सांगा."

"मॅडम, लीजमध्ये गाडीच्या किमतीचा तसा प्रश्न येत नाही. तुम्हाला हप्ता परवडतोय की नाही, तेवढं महत्त्वाचं."

"येतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. "हप्ता आभाळातून पडत नाही. चार वर्षांनी चार लाख राहतात असं तुमच्याच जाहिरातीत आहे. व्याज नऊ टक्के. उलटं करत गेलं की गाडी दहा लाख चाळीस हजाराला धरलेली दिसते. बाहेर पाटीवर दहा लाख लिहिलंय."

सेल्समनने वहीकडे बघितलं. रकाने आखलेले होते, शाई दोन रंगांची होती. त्याने खुर्ची जरा पुढे घेतली.

"वरचे चाळीस हजार म्हणजे सर, पॉलिश, दारांच्या पट्ट्या, आणि मुख्य म्हणजे सीट कव्हर. इम्पोर्टेड कापड आहे."

"मी पडदे शिवते," बायको म्हणाली. "शिवणाऱ्या बाईला तुम्ही सीट कव्हर विकताय?"

चाळीस हजार गेले. सेल्समनने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, ते जाण्यासाठीच ठेवलेले असावेत. पण आता त्याची 'मॅडम' जाऊन 'काकू' आली होती.

बायकोची भाव करायची पद्धत मास्तरांना पाठ होती. ती कधीही 'शेवटचं किती' असं विचारत नाही. विचारलं की माणूस सावध होतो, असं तिचं म्हणणं. ती आपली एकेक पायरी मागत जाते, मागताना कापडावर हात फिरवते, इकडचं तिकडचं बोलते आणि समोरचा कुठे थबकतो तेवढं बघते. थबकला की तिथे त्याचा खरा आकडा. या पद्धतीने तिने घाऊक व्यापाऱ्यांना घाम फोडला आहे आणि मास्तरांना लग्नापासून आजवर कितीतरी दुकानांत खाली मान घालून उभं केलं आहे.

"मागे आवारात कोपऱ्यात एक राईच्या पिवळ्या रंगाची उभी आहे," ती आता म्हणत होती. "तिच्यावर कापड का टाकलंय?"

"तो रंग थोडा... वेगळा आहे, काकू. लोक पांढरी घेतात."

"किती महिने उभी आहे?"

सेल्समन थबकला.

"आम्हाला चालेल," ती म्हणाली. "लांबून ओळखू येईल. हॉटेलवाल्यांना सांगता येईल, राईच्या रंगाची गाडी दिसली की दार उघडा."

तो उठून आत काचेच्या खोलीत साहेबांकडे गेला, आला, पुन्हा गेला. राईच्या रंगावर पंचवीस हजार उतरले. परत आल्यावर त्याने दोघांसाठी कॉफी मागवली, आणि आता तो तिला मावशी म्हणत होता. भाव उतरेल तसं नातं जवळ येत होतं. आणखी अर्धा तास बसलो तर हा वारस म्हणून नाव लावेल, असं मास्तरांच्या मनात आलं.

मग मास्तरांची पाळी होती. करारात वर्षाला दहा हजार किलोमीटरची मर्यादा होती, त्यावर गेलं की किलोमीटरला नऊ. हे बारीक अक्षरांत होतं आणि मास्तर बारीक अक्षरं वाचतात. समोरचं त्यांना अजून स्वच्छ दिसत होतं.

"मागच्या वर्षी आम्ही अकरा हजार सहाशे चाळीस फिरलो," ते म्हणाले. "म्हणजे वर्षाला चौदा हजार सातशे साठ दंड, तोही शेवटी एकदम. मर्यादा बाराची करून घ्या आणि हप्ता किती वाढतो ते सांगा."

"एवढं नेमकं कसं माहीत, सर?"

"रोज लिहितात ते," बायको म्हणाली. "मी कुठे गेले नि किती वाजता परतले, सगळं आहे त्यात. संशयी नवऱ्यालासुद्धा एवढं जमत नाही."

हप्ता महिन्याला दोनशे पाचांनी वाढला. सगळं धरून आकडा झाला सतरा हजार तीनशे चाळीस, मर्यादा बारा हजार किलोमीटर, चार वर्षं. बायकोने कॉफीचा कप उचलला, म्हणजे तिच्या दृष्टीने सौदा झाला होता. सेल्समनने पेनचं टोपण काढलं.

"दोन वर्षांचं किती पडेल?" मास्तरांनी विचारलं.

बायकोने कप खाली ठेवला.

"दोन वर्षांचं महाग पडतं, सर," सेल्समन म्हणाला. "गाडीची किंमत पहिल्या दोन वर्षांतच जास्त उतरते. तेवढी उतरण चोवीस हप्त्यांत भरायची म्हणजे..." त्याने यंत्रावर बोटं चालवली. "वीस हजार दोनशे बेचाळीस."

"महिन्याला एकोणतीसशे जास्त," बायको म्हणाली. "कशासाठी?"

"दोन वर्षांत नवीन मॉडेल येतं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही चपला सहा वर्षं वापरता. नवीन मॉडेलची हौस कधीपासून?"

"टायर बदलावे लागतात, बॅटरी जाते. दोन वर्षांत आपण त्यातून मोकळे."

"टायर लीजमध्येच आहेत, सर," सेल्समन मदत करायला म्हणून म्हणाला, आणि मास्तरांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की पूर्वीच्या काळी एखाद्या ड्रायव्हरची रजा नामंजूर झाली असती.

मास्तरांनी वहीचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने वाट काढायचा प्रयत्न केला.

"समजा चारचंच घेतलं. आणि मध्येच परत करायची वेळ आली, तर?"

"उरलेल्या हप्त्यांचे निम्मे भरावे लागतात."

"म्हणजे दोन वर्षांनी दोन लाख आठ हजार ऐंशी," मास्तर म्हणाले. त्यांनी यंत्राला हात लावला नव्हता, की वहीत बघितलं नव्हतं.

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. इतका अवघड हिशोब त्यांच्या तोंडावर तयार कसा होता, हे विचारायची तिला गरज पडली नसावी.

"दोन वर्षांनीच का धरलंत?"

"उदाहरण म्हणून."

"बरं. चार जास्त वाटतात तुम्हाला?"

"जास्त म्हणजे... आपलं वय बघता."

"मग तीन घेऊ या. तीनचं किती हो?"

"एकोणीस हजार शहाऐंशी, मावशी."

"तीन घेऊ या," ती मास्तरांना म्हणाली. आवाज अगदी साधा होता. टेबलाच्या कडेवरून ती बोट फिरवत होती, जसं कापड बघताना फिरवते.

"तीन नको."

"तीन का नको? एक वर्ष तर वाढतंय."

"नको म्हटलं ना."

"अडीच?"

"अडीच वर्षांचं लीज नसतं, मावशी," सेल्समन म्हणाला.

"असतं की नाही ते नंतर बघू. मी ह्यांना विचारतेय." तिने सेल्समनकडे पाहिलंही नाही. "अडीच चालतील?"

मास्तर थबकले. अडीच वर्षं म्हणजे थंडीचे दिवस, लवकर पडणारा अंधार, आणि डाव्या अंगाने येणारी एखादी सायकल. त्यांच्या डोळ्यांपुढे हे सगळं येऊन गेलं आणि तोंडातून फक्त एवढंच निघालं:

"दोन. त्यापुढे नको."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. किती वेळ ते मास्तरांना सांगता आलं नसतं, आणि वेळ मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मग ती "बरं" म्हणाली आणि तिने पाणी मागितलं. सेल्समन स्वतः उठून पाणी आणायला गेला. तो येईपर्यंत ती खिडकीबाहेरच्या राईच्या रंगाच्या गाडीकडे पाहत होती. नोकरीत असताना वेळापत्रक एकदा भिंतीवर लागलं की मास्तर त्याच्याशी कुणाला भांडू देत नसत. आज आपण अडाण्यासारखे भांडलो, एकही कारण धड देता आलं नाही, असं वाटून त्यांना आपली लाज वाटली. तिने बरं म्हटल्यामुळे सुटकाही वाटली. दोन्ही एकदमच वाटलं.

तिने पाणी प्यायलं. ग्लास ठेवला.

"चार वर्षांचं करा," ती सेल्समनला म्हणाली.

"अगं..."

"चालवणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं असतं?"

सेल्समनने अर्जावरची जागा दाखवली. एक नाव मास्तरांचं आधीच लिहिलेलं होतं, त्याखाली एक ओळ रिकामी होती. तिने पर्स मांडीवर घेतली. त्यातून सुयांची डबी निघाली, दोन रिळं निघाली, कापडाचे नमुने निघाले आणि तळातून एका पाकिटात घातलेलं लायसन्स निघालं. ते तिने टेबलावर ठेवून एका बोटाने सेल्समनकडे सरकवलं.

फोटोत ती होती. कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की जणू त्याच्याकडून काही उसने पैसे येणं होते. तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती.

"अस्तराच्या दुकानाशेजारी ड्रायव्हिंग स्कूल आहे," ती मास्तरांना म्हणाली. गेले तीन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती एवढ्याशासाठी गाडी नको म्हणून बसने अस्तर आणायला जात होती, आणि बसला फार वेळ लागतो म्हणून मास्तर जुन्या सहकाऱ्यांवर मनातल्या मनात चिडत होते. "सगळं येतं. रिव्हर्स अजून कच्चा आहे."

मग ती सेल्समनकडे वळली.

"पहिली दोन वर्षं हे चालवतील. पुढची दोन मी. दोन्ही नावं घाला."

मास्तरांनी लायसन्स हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. पाऊण तासातला शेवटचा भाव सेल्समनशी चाललाच नव्हता हे त्यांना आत्ता उमगलं. तीन, अडीच, दोन, अशी एकेक पायरी उतरवत तिने त्यांना बरोबर तिथे आणून थांबवलं होतं, आणि आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिला होता. चष्मा काढून पुसावा असं वाटलं, पण चष्म्याला हात लावायची ही वेळ नाही हेही त्यांना कळलं, म्हणून त्यांनी लायसन्सच पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

सेल्समनला यातलं काही समजलं असेल की नाही, सांगता येत नाही. पण तो दोनदा खाकरला.

"होऊन जाईल, मावशी. फक्त विम्याचं जरा... लायसन्स नवीन असलं की महिन्याला साडेतीनशे जास्त बसतात. चारही वर्षं."

तिने तोंड उघडलं, पण आवाज मास्तरांचा आला.

"चारही कशी? पहिली दोन वर्षं मुख्य चालवणारा मी आहे. ती चालवायला लागेल तेव्हा लायसन्स दोन वर्षांचं जुनं असेल. मग नवीन कुणाचं?"

"सर, तो नियम..."

"नियमात 'नवीन' म्हणजे किती महिने, ते लिहिलेलं असेल. काढा ना."

सेल्समनने काढलं. अठरा महिने लिहिलेलं होतं. तो पुन्हा काचेच्या खोलीत गेला. बायकोने शिल्लक कॉफी संपवली. कॉफी गार झाली होती, तरी तिने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. महिन्याचे साडेतीनशे फक्त अठरा महिन्यांपुरते राहिले, त्यातही मास्तरांनी पन्नास तोडले, आणि दोघांनी जिथे जिथे फुली होती तिथे तिथे सह्या केल्या.

गाडी सोमवारी मिळणार होती. दोघं चालत बसथांब्यापर्यंत आली. दुपारची वेळ होती, थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. मास्तरांनी सवयीने घड्याळ बघितलं. बसला अजून नऊ मिनिटं होती.

"कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यांचं? फाटकाच्या खांबाला आरसा घासलात तेव्हापासून. डावीकडे ठेवलेला पेला दोनदा पाडलात. चार महिने झाले असतील."

"मला डॉक्टरांनी सांगून दीडच महिना झालाय."

"मग तुम्हालाच उशिरा कळलं," ती म्हणाली. "थेंबांची बाटली दाढीच्या डब्यात ठेवता, तिथे ऊन येतं. फ्रिजमध्ये ठेवायची असते ती. मी खोक्यावर वाचलंय."

रस्त्याने एक पाण्याचा टँकर गेला.

"आणि दोन वर्षांचं?"

"ते आज कळलं. मला वाटत होतं, पाचसहा तरी असतील." तिने पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. "म्हणून चारपासून सुरुवात केली. म्हटलं, चारला तर हे हसत हो म्हणतील."

सांगायला हवं होतं, चुकलं, हे मास्तरांना म्हणायचं होतं, आणि ते कसं म्हणायचं हे एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्याहून लांबलेल्या संसारात त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं. त्यांनी आपला हात बाकावर तिच्या हाताशेजारी नेऊन ठेवला. तिने तो तिथे राहू दिला.

"पुढची तारीख कधी आहे डॉक्टरांची?" तिने विचारलं.

"गुरुवारी. सकाळी दहा."

"मी येते."

"तू येऊन काय करणार? ते तपासतात, थेंब लिहून देतात."

"पहिला आकडा कुणी खरा सांगतं का? दोन म्हणाले म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी वर असणार. बघू बोलून."

"अगं, तिथे घासाघीस चालत नाही."

लांब वळणावर बस दिसली. ती उठली, मास्तरांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने त्यांचं कोपर धरलं. तिच्या आवाजात आता भाव करतानाची ऐट अजिबात नव्हती.

"विचारायला काय जातं," ती म्हणाली.